सरकून घ्या, लेडीज आहे

१

जुनी गाडी घ्यायची ठरली की आमच्या कैनाड गावात लोक मला सोबत नेतात. मी मेकॅनिक नाही हो. एसटीत कंडक्टर होतो, डहाणू डेपोला. आता निवृत्त आहे. पण ज्याने सगळी नोकरी गाडीत उभं राहून काढली, त्याला गाडीचं दुखणं तळपायातून कळतं. शिवाय माझं तोंड वाईट आहे. माझ्यासमोर थापा मारायला दलालसुद्धा कचरतात.

इतर लोक बॉनेट उघडून आत डोकं घालतात आणि काही न कळता मान हलवतात. मी आधी मालकाला खुर्चीत बसवतो आणि विचारतो, आजवर काय काय दुरुस्त केलंत? काहीच नाही, एकदम टकाटक, असं म्हणाला तर समजायचं, मालक लबाड आहे. क्लच झाला, ब्रेक झाले, रेडिएटर गळत होता, असं सगळं थोडं थोडं सांगितलं तर गाडी माणसात आहे. आणि एकच काम फिरून फिरून केलेलं निघालं, तर चहा न पिता उठायचं. हा माझा नियम. तो मोडला मीच, आणि तोही स्वतःच्या गाडीसाठी.

कारण चंद्रिका. माझी बायको. एकदा ती तलासरीहून जीपने आली. सहा जणांच्या जागेत बारा जण, मांडीवर कुणाचं तरी पोर, पायाशी कांद्याचं पोतं. हे रोजचंच. पण त्या दिवशी घरी आली ती चप्पल न काढताच ओट्यावर बसली आणि सांगायला लागली की हायवेवर तिने एक लाल गाडी बघितली. दोन दारांची, बुटकी, जमिनीला चिकटून पळणारी.

"अहो, त्यात दोनच सीटा असतात म्हणे," ती म्हणाली. "तिसरा मावतच नाही."

ते मला लागलं. आमचं लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण गाडीत आम्ही शेजारी शेजारी असे बसलोच नाही. ती सीटवर आणि मी दारात, हेच चालत आलं. लग्नानंतर देवदर्शनाला गेलो, तेव्हाही बसमध्ये गर्दी बघून मला राहवलं नाही आणि मी उठून दुसऱ्या कंडक्टरला तिकिटं फाडायला मदत केली. आता तिचे गुडघे कुरकुरायला लागलेत. मी ठरवलं, एकदा तरी हिला शेजारी बसवून समुद्राकाठाने बोर्डीपर्यंत न्यायचं. मध्ये कुणी नको. पोतं नको, पोर नको.

२

तशी लाल गाडी तलासरीत रविंद्रभाईंकडे निघाली. त्यांचं हायवेला फरशांचं दुकान. गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. वयाने बरीच मोठी, पण काय तेज होतं तिच्यात! मी एरवी गाडीकडे बघून चेहरा हलू देत नाही. त्या दिवशी हलला असणार, कारण रविंद्रभाईंनी लगेच चहा सांगितला.

इंजिन उत्तम, गिअर मऊ, एका मालकाकडून घेतलेली, फार फिरवलेली नाही, असं ते कौतुकाने सांगत होते. "आम्ही बे जण वलसाडला जाऊन येतो ना नितीनभाई, एकदम मक्खन," असंही म्हणाले. इकडे बोलताना मराठीत गुजराती कालवतातच, त्यामुळे बे जण म्हणजे दोघं हे मला कळलं. तेवढ्यात त्यांच्या मिसेस दक्षाबेन चहा घेऊन आल्या. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं की भाभी, तुम्हाला आवडते का ही गाडी?

"मी नाही बसत त्यात," त्या म्हणाल्या. "जागा नसते."

मी त्यांच्याकडे बघितलं. बाई शेवग्याच्या शेंगेसारख्या. त्यांना जागा नाही, मग कुणाला असणार? रविंद्रभाई गरजेपेक्षा जास्त हसले, आणि दक्षाबेन कप ठेवून मागे न बघता निघून गेल्या.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बे जण! म्हणजे बाईसाहेब दुसऱ्या कुणीतरी होत्या. मी चहा संपवला आणि दक्षाबेनसाठी मनातल्या मनात हळहळलो.

३

गाडीचा खरा इतिहास मालक सांगत नाही, गॅरेजवाला सांगतो. रविंद्रभाईंची सगळी कामं हायवेच्या पलीकडे रूपेशकडे होत. हा रूपेश बोलायला लागला की हातातला पाना तसाच राहतो आणि गिऱ्हाईक पार जेवून येतं.

"मास्तर, इंजिनाला हात लावायची वेळच आली नाही कधी," तो म्हणाला. कंडक्टरला सगळे मास्तरच म्हणतात. "गाडी सोनं आहे. फक्त डावी बाजू."

मग त्याने डाव्या बाजूचं पुराण लावलं. डाव्या सीटचा फोम बदलला, तो बसला, म्हणून परत बदलला. सीटखालच्या पट्ट्या तुटल्या. डावीकडचा शॉकअप गेला, नवा टाकला, तोही गेला. डाव्या सीटबेल्टचं कुलूप झिजलं. गाडी उभी असली तरी डावीकडे कलायची. आधीचा मालक दमणचा होता, तोसुद्धा येऊन डावी सीटच दुरुस्त करून घेऊन गेला होता.

इथे माझ्या नियमाप्रमाणे मी उठायला हवं होतं. एकच काम, फिरून फिरून. पण माणसाला एखादी गोष्ट हवी असली की त्याची अक्कल वकिली करायला लागते. मी स्वतःला समजावलं की सीट म्हणजे काही इंजिन नव्हे. सीट बसते ती बसणाऱ्याच्या वजनाने, त्यात गाडीचा काय दोष? रविंद्रभाईंची मैत्रीण अंगाने भरलेली असेल. दमणवाल्याचीही असेल. चंद्रिकाचं वजन ते किती, सीट तिच्या खाली शंभर वर्षं टिकेल.

तरी खात्री म्हणून मी रूपेशला हळूच विचारलं की डावीकडे बसायचं कोण, कधी बघितलंस का?

त्याने पाना खाली ठेवला. नाही म्हणाला. गॅरेजात गाडी यायची तेव्हा रविंद्रभाई एकटेच असायचे. फक्त उतरले की वळसा घालून डावीकडचं दार उघडायचे आणि दार धरून थोडा वेळ उभे राहायचे.

"मला वाटायचं, गाडीवर जीव आहे त्यांचा," रूपेश म्हणाला. मलाही तसंच वाटून घ्यावंसं वाटलं.

४

रविंद्रभाईंनी चावी हातात दिली आणि दोन दिवस खुशाल ठेवा म्हणाले. जुनी गाडी विकणारा माणूस इतका सढळ असतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

भर दुपारी मी एकटाच निघालो. तलासरी सुटली आणि गाडी पिंपीं करायला लागली. समोर दिवा लागला होता, डाव्या सीटवरच्या माणसाने बेल्ट लावला नाही असा. सीट रिकामी. मी सीटवर हात फिरवला, एखादं नाणं, पाना, काही अडकलंय का म्हणून. काही नाही. सीट मात्र कोमट होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं, त्यामुळे सीट कोमट असणं यात काही नवल नाही. माझी सीट गार होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आवाज डोक्यात जायला लागला, तेव्हा मी रिकाम्या सीटचा बेल्ट ओढून कुलपात घातला. आवाज बंद झाला. बेल्ट सैल लोंबायला हवा होता की नाही? तो ताठ होता. जुना बेल्ट आहे, आखडला असेल, असं मी मोठ्याने म्हणालो. मोठ्याने कुणाला सांगत होतो कोण जाणे.

पुढे फाट्यावर सोमी उभी होती, डोक्यावर टोपली. ही आमच्याच बाजूच्या पाड्यावरची. सोमीला सगळे कंडक्टर घाबरायचे. गाडीत मुंगीला जागा नसली तरी ही टोपलीसकट चढणार, आणि टोपलीचं तिकीट काढ म्हटलं की सगळ्या गाडीसमोर आपली अब्रू काढणार. तिने मला ओळखलं आणि हात केला. मला बरंच वाटलं. मी गाडी थांबवली, डावीकडची काच खाली केली आणि म्हटलं, बस सोमी, आज तिकीट नाही.

ती वाकली. टोपली सावरत तिने आत बघितलं. आधी सीटकडे, मग माझ्याकडे.

"नको मास्तर," ती म्हणाली, "भरलीय. मी मागची घेते."

आणि ती टोपली घेऊन रस्त्याच्या कडेला पार गवतात जाऊन उभी राहिली. भरलेल्या गाडीला सोमी नको म्हणते? मी काच वर केली आणि निघालो. घरापर्यंत मी डावीकडे मान वळवली नाही. वळणावर डावीकडचा आरसा बघावाच लागतो, तो बघितला. पण फक्त आरसाच.

५

घरी आलो तेव्हा गाडी परत द्यायची असं माझं पक्कं झालं होतं. अंगणात चंद्रिका उभी होती. तिने मोतिया रंगाची साडी नेसली होती, आणि डोक्याला बांधायला रुमाल काढून ठेवला होता, वाऱ्याने केस उडू नयेत म्हणून. आणि काळा चष्मा. तो तिने कुणाकडून मागून आणला होता, कोण जाणे.

ती गाडीभोवती फिरली. बॉनेटला हात लावला आणि साडीच्या पदराने तो हाताचा ठसा पुसला. काय सांगणार होतो? की सीट कोमट आहे?

मी तिला फक्त भानगडीचा भाग सांगितला. रविंद्रभाई, बे जण, बिचाऱ्या दक्षाबेन, झिजलेली सीट. चंद्रिकाने तो चवीने ऐकला. मग म्हणाली, जी कोण असेल ती असो, उद्यापासून तिथे मी बसणार. आणि हसली. बऱ्याच दिवसांनी ती अशी हसली. मी ठरवलं, बोर्डीला जाऊन येऊ, मग बघू.

६

सकाळी निघालो. चंद्रिका गुडघा धरून, मला चार शब्द ऐकवत त्या बुटक्या गाडीत उतरली. उतरलीच म्हणायचं, बसण्यासारखी ती गाडीच नाही. बेल्ट लावला.

डहाणू मागे पडलं, सुरूच्या झाडांमधून समुद्र दिसायला लागला. मी तिच्याकडे बघितलं. माझी बायको जीपमध्ये बसते तशी बसली होती. सीटच्या अगदी टोकाला, अंग आखडून, पिशवी पोटाशी धरून, एक खांदा दाराला चिकटलेला. अर्ध्याहून जास्त सीट तिच्या उजव्या हाताला मोकळी होती.

मी म्हटलं, नीट बस की मागे टेकून. ती म्हणाली बसलेय. मी म्हटलं अगं सरक, जागा आहे. ती ओशाळल्यासारखी झाली.

"नाही हो जागा," ती पुटपुटली. "असू दे. मला सवय आहे."

तो आवाज मी ओळखतो. सगळी जिंदगी बायका मला याच आवाजात सांगत आल्या, असू दे मास्तर, सवय आहे. आणि शेजारी कोणीतरी पाय फाकवून बसलेला असायचा, खिडकीबाहेर बघत, काही ऐकू येत नसल्यासारखा. त्या आवाजाने माझी सटकतेच. भीती वगैरे सगळं राहिलं बाजूला. हिला आज तरी अंग चोरून बसू देणार नव्हतो मी, शेजारी कुणी का असेना. मी काय करतोय हे कळायच्या आत माझं तोंड सुटलं, डेपोतल्या आवाजात, अख्ख्या बसला ऐकू जाईल असं.

"ओ, जरा सरकून घ्या! लेडीज आहे!"

गाडी हलली.

रस्त्यात खड्डा नव्हता. डावी बाजू हळूच वर उठली, जाड माणूस बाकावरून सरकला की बाक उठतो तशी. चंद्रिका सीटमध्ये मागे पडली, नीट, ऐसपैस. तिने पिशवी पायाशी ठेवली, पाय लांब केले आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडीत टेकून बसल्यासारखा निःश्वास सोडला. आता कसं मोकळं झालं, असं म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. अगदी थोडा वेळ. कंडक्टरने हा विचार आधी करायला हवा होता. सरका म्हटलेला प्रवासी नाहीसा होत नाही. तो पुढच्याला रेटतो.

गाडी आता उजवीकडे कलली होती.

७

माझ्या डाव्या मांडीला काहीतरी टेकलं. कोमट. मग डावा खांदा दाबला गेला. दांडगट काही नाही, गर्दीत माणूस टेकतो तेवढंच, सभ्यपणे. मी गिअर बदलायला हात खाली नेला, तर दांड्यावर आधीच कुणाची तरी बोटं होती. माझा तळवा त्यांच्यावर बसला. गिअर अगदी मऊ पडला. मक्खन.

मी बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवून समोर रस्ता धरला. पण बोर्डीच्या अलीकडे एक काचेचं दुकान लागतं, मोठमोठे आरसे बाहेर मांडून ठेवलेले. लाल गाडी त्या आरशांवरून झपकन गेली. खिडकीत चंद्रिका, रुमाल बांधलेली, काळा चष्मा घातलेली. पलीकडे माझं डोकं, दाराला खेटलेलं. आणि मध्ये एक. ते माझ्याकडे पाठ करून चंद्रिकाकडे वळलेलं होतं. एवढंच दिसलं. आरसे संपले.

चंद्रिकाला काहीच कळलेलं नव्हतं. ती खुशीत होती. समुद्राकडे बघत ती बडबडत होती, गुडघ्यांचं, शेजारच्या भारतीच्या सुनेचं, इथे मागे कधीतरी ताडगोळे खाल्ले होते त्याचं. मग म्हणाली, "अहो, ऐकताय ना?"

"हं," असं उत्तर आलं.

मी तोंड उघडलं नव्हतं.

चंद्रिका खूश झाली. म्हणाली, आज किती दिवसांनी नुसतं हं म्हणालात, एरवी अंगावर येता. आणि आणखी बोलत राहिली, आणि तिला प्रत्येक वेळी हं मिळत गेलं, वेळेवर, आपुलकीने, मला कधी जमलं नाही तसं. मग माझ्या डोक्यात आलं, अरे, यात नवल काय? अहो म्हणजे कोण? नवरा अहो, दुकानदार अहो, बसमधला परका माणूसही अहोच. शेजारी जो बसलाय त्याला ती हाक लागू पडते. तो बिचारा ओ देतोय. दोष हाकेचा आहे. नेमकी हाक मारली की भानगड मिटली.

"चंद्रिका," मी म्हणालो, आवाज जमेल तेवढा साधा ठेवत, "तू मला नावाने हाक मार."

ती लाजली. या वयात काहीतरीच काय, म्हणाली. मी म्हटलं, मार गं, एकदाच मार, माझ्यासाठी. तिने काळा चष्मा काढला. पदर तोंडाशी धरला. आमच्याकडे नवऱ्याचं नाव बाईच्या तोंडी लग्नातल्या उखाण्यात येतं, त्यानंतर नाही. मग ती वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. असा चेहरा तिने मला दाखवावा म्हणून तर मी ही गाडी बघायला निघालो होतो.

"नितीन," ती म्हणाली. "घ्यायची ना आपण ही गाडी?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं.

"घेऊ की," असं उत्तर आलं. आवाज माझाच होता. पण इतक्या गोडीने बोलायला मला आयुष्यात जमलेलं नाही.

चंद्रिका हसली आणि तिने हात पुढे करून प्रेमाने हातावर ठेवला. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

मला बसायला आता जागा नव्हती. मी दाराकडे अजून थोडा सरकलो.